शंभर ग्रॅमची बरणी: मसाला भरण्याच्या यंत्राच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

वहिनींच्या बचत गटाचं यंत्र आज टेम्पोतून माझ्या कुडाळच्या वर्कशॉपमध्ये उतरलं. चौके गावातल्या शेडमध्ये ते आठ दिवस चाललं, नवव्या दिवशी बायकांनी त्यावर चादर टाकून पुन्हा चमचा आणि काटा हातात घेतला. वहिनींचं म्हणणं एवढंच, "भावोजी, एक बरणी पंच्याण्णवची निघते, दुसरी एकशे आठची. गिऱ्हाईकाला काय सांगू?"

यंत्र साधं आहे. चार घरांची गोल तबकडी, बाजूला दांडा. पहिल्या घरात रिकामी बरणी ठेवायची, दुसऱ्यात वरून मसाला पडतो, तिसऱ्यात काहीच होत नाही, चौथ्यात झाकण ठोकायचं. दांडा एकदा ओढून सोडला की तबकडी पाव फेरा फिरते आणि सगळ्या घरांचं काम एकदमच होतं. मोटर नाही, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. चौकेत ही मोठी सोय.

माप कपाचं आहे. हॉपरच्या (वरून मसाला ओतायच्या शंकूच्या) तळाशी सरकती पट्टी, पट्टीत स्टीलच्या पाइपचा तुकडा बसवलेला. हॉपरखाली असताना तो भरतो, सरकताना वरचा मसाला कापला जातो, पुढच्या भोकावर आला की खाली सुटतो. म्हणजे यंत्र मोजतं आकारमान आणि बरणीवर आपण छापतो वजन. भांडणाचं मूळ इथेच आहे.

आल्या आल्या दहा बरण्या भरून काट्यावर ठेवल्या: १०४, १०१, ९६, १०८, ९९, ९४, १०३, १०९, ९७, १००. सरासरी १०१.१. नुसती सरासरी बघणारा खूश होऊन घरी जाईल. पण वैधमापनाच्या (सरकारच्या वजनमाप खात्याच्या) २०११ च्या नियमांत शंभर ग्रॅमच्या पाकिटाला ४.५ ग्रॅमपर्यंतच तूट चालते, वर सरासरीही शंभराच्या खाली जाता कामा नये. ९४ ची बरणी दुकानात सापडली तर दंड गटाला, यंत्र विकणाऱ्याला नाही.

विकणाऱ्याने "प्लस-मायनस एक ग्रॅम" असं छातीठोक सांगितलं होतं. वहिनींनी समोर उभं राहून बघितलंही होतं. काय भरून दाखवलं, विचारलं. साखर.

१३ एप्रिल

मग आपणही साखर भरू. दहा किलो साखर ओतली, वीस बरण्या काढल्या. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड यांत सव्वा ग्रॅमचा फरक. विकणारा खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त मसाला भरून बघितला नव्हता.

आक्का (गटातल्या सगळ्यात वडील, सत्तरीच्या पुढच्या) वहिनींबरोबर आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साखर इकूक बसतलंस काय रे झिला?"

संध्याकाळी काचेचा शंभर मिलिलिटरचा नळा घेतला. मसाला चाळून, न हलवता हळूच शंभराच्या रेघेपर्यंत भरला: ४३ ग्रॅम. मग लाकडी पाटावर नळा शंभर वेळा आपटला. मसाला खाली बसत गेला तसा वरून भरत गेलो. पुन्हा शंभराच्या रेघेला आला तेव्हा नळ्यात ५७ ग्रॅम होते. तोच मसाला, तेवढीच जागा, चौदा ग्रॅम जास्त. साखरेचं हेच केलं तर फरक बराच कमी.

मालवणी मसाला कोरडा दिसतो, पण कोरडा नसतो. बेडगी, संकेश्वरी, धने, बडीशेप, खसखस, दगडफूल, सगळं तेलाच्या हातावर भाजलेलं. त्यातलं तेल आणि दगडफुलाचे तंतू कणाला कण धरून ठेवतात. सैल पडला तर पोकळ राहतो, धक्का बसला की दबतो. कपाचा आतला व्यास ६० मिलिमीटर, उंची ८२. म्हणजे साधारण २३२ घनसेंटिमीटर. सैल मसाला भरला तर बरोबर शंभर ग्रॅम बसायला हवेत. दबलेला भरला तर एकशे बत्तीस. माझ्या बरण्या या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतायत. कुठे पडायचं ते मसाला ठरवतोय, यंत्र नाही.

१६ एप्रिल

भाच्याचा टेक्सासहून फोन. तो तिथे शनिवारी-रविवारी रायफलच्या रेंजवर नेम धरायला जातो आणि काडतुसं घरी स्वतः भरतो. तिकडे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवायला बसलात तर हत्यार कायदा दारात येईल. मी सहज मसाल्याचं रडगाणं गायलं तर तो हसायलाच लागला. "मामा, माझं दुखणं हेच आहे. फक्त माझ्या बरणीत दारू असते."

त्याच्याकडे प्रोग्रेसिव्ह प्रेस आहे. वर्णन ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. गोल फिरती प्लेट, तिच्यावर पितळी पुंगळ्या, एक दांडा. एका ओढीत एका पुंगळीत टोपी बसते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीची मान आवळली जाते. दारू मोजायला सरकती पट्टी आणि तिच्यात कप. आमचंच यंत्र, फक्त लहान.

त्याचं वजन ग्रेनमध्ये. रायफलच्या मधल्या मापाच्या काडतुसात चाळीस-बेचाळीस ग्रेन दारू जाते, म्हणजे पावणेतीन ग्रॅमच्या आत. एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि तो एक दशांश ग्रेनसाठी जीव टाकतो. मी म्हटलं, आमच्या सोनारांचा जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. त्याला ठाऊक नव्हतं. शहाण्णव गुंजांचा तोळा, म्हणजे गुंज जेमतेम पावणेदोन-दोन ग्रेनची. तो ज्या फरकासाठी रात्र जागवतो तो गुंजेचा विसावा भाग.

बोलण्यातून कामाच्या दोन गोष्टी मिळाल्या. एक, दारूच्या जातीवर सगळं असतं. गोळीदार दारू पाण्यासारखी वाहते, ती म्हणजे आमची साखर. काडीदार दारू म्हणजे शेवयांचे बारीक तुकडे. त्या कपात आडव्यातिडव्या पडतात, मधे पोकळी राहते, कप सरकताना काठावर कापल्या जातात आणि दांड्याला करकर जाणवते. रायफलवाल्यांना नेमकी बरीचशी अशीच दारू लागते, म्हणून प्रोग्रेसिव्ह प्रेसवर रायफलची काडतुसं भरणं पिस्तुलाच्यापेक्षा चिकट काम. दोन, हॉपरमधे अडसर घालतात. पत्र्याचा तुकडा, त्याला दोन भोकं. वरच्या ढिगाचा भार अडसरावर राहतो, कपावर येत नाही.

त्याची एक अडचण मात्र आपल्याला नाही. तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात प्लास्टिकच्या हॉपरला वीज धरते आणि दारू भिंतीला चिकटते. आपल्याकडे चिकटायला वीज कशाला लागते, हवाच पुरेशी आहे.

१९ एप्रिल

हॉपर काठोकाठ भरून दहा बरण्या: सरासरी १०४.६. अर्धा: १०१. तळाशी पाव उरलेला: ९७.२. म्हणजे सकाळी हॉपर भरला की गट फुकट मसाला वाटतो आणि जेवणाच्या सुमाराला गिऱ्हाईकाला कमी देतो. दिवसाची सरासरी गोड.

पत्र्याची उलटी टोपी केली. १.२ मिलिमीटर ३०४ स्टील, कडेला बोटभर फट, तीन पायांवर कपाच्या चार इंच वर बसवलेली. मसाला टोपीवरून घसरून कडेने खाली येतो. पुन्हा तीच चाचणी: १०१.८, १०१.२, १००.१. एका दुपारच्या कामात सात ग्रॅमचा उतार पावणेदोनवर आला. इतकं सोपं असेल तर विकणाऱ्याला का सुचलं नाही, हा प्रश्न मी मनातल्या मनात तीनदा विचारला आणि चहा प्यायलो.

वर एक रेघही मारली: हॉपर अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, पाऊण भागाच्या वर भरायचा नाही.

२३ एप्रिल

टोपी बसल्यावर वेगळीच गंमत. मसाला कमान धरू लागला. कप तीन वेळा अर्धवट भरला, चौथ्या वेळी कमान कोसळून धबकन आला. हॉपरचा उतार पंचेचाळीस अंशांचा होता, जोड रिबेटचा. साखरेला चालतो, मसाल्याला चालत नाही. फोंडा घाटाने कोल्हापूरला जाऊन उद्यमनगरात नवीन शंकू वाकवून आणला. अडुसष्ट अंश, आतून पॉलिश, जोड वेल्डिंगचा आणि घासून सपाट केलेला. खर्च वहिनींना सांगितला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल, रविवार, चौके

यंत्र परत शेडमध्ये. आज बायकांनी भरलं, मी फक्त वही घेऊन बसलो. सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दिवसाने, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

प्रत्येक बरणीवर खडूने नंबर आणि दांडा कोणाचा ते. आक्कांच्या चाळीस बरण्यांत सगळ्यात हलकी ९९.४, जड १०२.३. वहिनींच्या चाळीसांत ९८.८ ते १०८.१. यंत्र तेच, मसाला तोच, हॉपरची रेघ तीच. मला वाटलं, ओढण्याच्या जोरात फरक असेल. दोघींचे हात बघत बसलो. तसं काही नव्हतं.

मग जड बरण्यांचे नंबर बघितले. ७, १९, २०, ३१. सातव्या बरणीच्या आधी वहिनींचा फोन वाजला होता. एकोणिसाव्याच्या आधी बरण्यांचं खोकं संपलं. एकतिसाव्याच्या आधी शेजारीण आली, गजाली झाल्या. थोडक्यात, दांडा थांबला की त्यानंतरची बरणी जड. आक्का थांबतच नाहीत. त्या बोलतही नाहीत. लहानपणापासून उखळीत पोहे कांडलेला हात आहे, एकदा चालू झाला की टोपली संपेपर्यंत.

वहिनींना दाखवलं तर त्या चकित. "म्हणजे मी गजालीक लागलंय की वजन वाढता?"

पण नुसतं थांबल्याने मसाला का दबावा? दुपारी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि एकटा बसून बघितलं. मिनिटभर थांबायचं, हात लावायचा नाही, मग पुढची बरणी: १०२. फरक एक ग्रॅम, म्हणजे काहीच नाही. मग मिनिटभर थांबायचं, पण तेवढ्यात चौथ्या घरात साठलेली झाकणं मुठीने ठोकायची, जसं बायका खरंच करतात (दांडा थांबला की रिकामा हात झाकणांकडे जातो): १०७. पुन्हा केलं: १०६.६. पुन्हा: १०७.३.

तबकडी, हॉपर, पट्टी, सगळं एकाच चौकटीवर. झाकणावर मूठ पडते, धक्का चौकटीतून वर हॉपरला जातो. विश्रांतीच्या जागी कप हॉपरच्या खालीच उभा असतो, तोंड उघडं. प्रत्येक ठोक्याला त्यातला मसाला केसभर खाली बसतो आणि वरून नवीन येऊन जागा भरतो. माझ्या काचेच्या नळ्याचाच प्रयोग, फक्त कोणी ठरवून करत नव्हतं.

रात्री भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "हो मामा, एखादी पुंगळी अडकली, प्रेस थांबवून खटपट केली, की त्यानंतर पडलेली दारू मी वापरतच नाही. काढून परत हॉपरमधे." हे सोळा तारखेला का नाही सांगितलंस, विचारलं. तू विचारलं नाहीस, म्हणाला. त्याची आई पण अशीच.

३० एप्रिल

हॉपर आणि पट्टी चौकटीवरून सोडवून भिंतीला वेगळ्या कंसावर टांगली, मधे टायरच्या रबराची चकती. यंत्राला आता फक्त दांड्याची कडी जोडलेली. झाकण ठोकायचं घर बंद. झाकणं बाजूच्या पाटावर. चौथं घर रिकामंच फिरतं, दिसायला वेडगळ दिसतं. थांबून ठोकण्याची चाचणी: १०२.२.

भिंतीवर खडूने लिहिलं: थांबलात तर पुढच्या दोन बरण्या परत हॉपरात.

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दारू मोजायला बांबूचं छोटं माप. ते माप भरल्यावर कोणी हातात घेऊन खेळलं तर आजोबा ते ओतून पुन्हा भरत. आम्हा पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा. आज वेल्डिंग करताना आठवलं.

३ मे

आता उलटा विचार. धक्का टाळता येत नसेल तर प्रत्येक वेळी तोच धक्का द्यावा. पट्टीच्या मार्गात एक उंचवटा बसवला. दांडा परत जागेवर येताना लाकडी ठोकळी उचलली जाते आणि हॉपरच्या मानेवर एकदाच पडते, तेवढ्याच उंचीवरून. कप भरतो, टक्, मग कापला जातो. दोन ठोके करून बघितले. सरासरी वाढली, बरण्यांमधली तफावत कमी झाली नाही. एकावरच थांबलो.

ठोक्यामुळे मसाला जास्त बसणार, म्हणून कप कापावा लागला. लेथवर ८० मिलिमीटरवर आणला, वीस बरण्या भरल्या, सरासरी १००.६, सगळ्या ९९.९ ते १०१.४ मधे. टेम्पोतून घरी येताना मी शिट्टी वाजवत होतो असं मुलगी म्हणते.

४ मे

शिट्टी नडली. सकाळी वहिनींचा फोन: चारशे बरण्या भरून झाल्या, शेवटी मसाला कमी पडला. वजनं घेतली तर सरासरी १०६.३. दोन किलोहून जास्त मसाला गिऱ्हाइकांना बक्षीस.

माझीच चूक. काल कप बसवताना मसाला गिरणीतून थेट आलेला होता, हाताला कोमट. ताजा दळलेला मसाला हवा पिऊन फुगलेला असतो. रात्रभर डब्यात राहिला की हवा सुटते, मसाला बसतो. मी फुगलेल्या मसाल्यावर माप घेतलं आणि बायकांनी बसलेला भरला. गिरणीवाल्याला विचारलं तर म्हणाला, पीठसुद्धा असंच असतं, पायलीचं पीठ पहिल्या दिवशी डब्यात मावत नाही, दुसऱ्या दिवशी डबा उणा दिसतो. म्हणजे चौकेतल्या प्रत्येक घरातल्या बाईला हे माहीत होतं.

नवा नियम: दळलेला मसाला एक रात्र बंद डब्यात. भरण्याआधी चाळायचा. त्याशिवाय हॉपरात जाणार नाही.

कप पुन्हा कापला, पण या वेळी शहाणपण आलं. ७४ वर आणला आणि उंची वाढवायला अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या केल्या. एक चकती म्हणजे साधारण दोन तृतीयांश ग्रॅम. आजच्या मसाल्याला चार चकत्या लागल्या: १०१. घाण्यागणिक मिरचीचं प्रमाण, भाजणी, तेल बदलणार, तशा चकत्या बदलायच्या. भाच्याच्या यंत्राला यासाठी सूक्ष्ममापी स्क्रू असतो. आम्हाला चकत्या बऱ्या. आक्कांना मोजता येतात.

१० मे

चाकरमानी आलेत. मुंबईला परत न्यायला म्हणून सहाशे चाळीस बरण्यांची एकच मागणी. दर दहावी बरणी काट्यावर. चौसष्ट बरण्यांत सगळ्यात हलकी ९८.६, जड १०३.१, सरासरी १००.९. चमच्याने चौघी दिवसभरात तीनशे करायच्या, आज दोघींनी साडेतीन तासांत सहाशे चाळीस केल्या.

मात्र एक बरणी अशी निघाली की माझी वही तिने खोटी पाडली. दर दहाव्या बरणीच्या जाळ्यातून ती सुटली असती. तिसऱ्या घरातून जाताना आक्कांनी हात घातला, "हेच्यात कमी आसा." वजन ९२. पुढची उचलली: १०९. दोन्ही मिळून २०१. कपाने बरोबर दिलं होतं, पण खाली सोडायच्या नळीत तिरफळाच्या सालीचा तुकडा आडवा बसला होता, त्याच्यावर थोडा मसाला अडला आणि पुढच्या बरणीत पडला.

भाच्याला सांगितलं तर या वेळी तो हसला नाही. काडीदार दारू नळीत अशीच अडते. त्याच्याकडे एका पुंगळीत कमी आणि पुढच्या पुंगळीत जास्त म्हणजे एक गोळी नळीत अडकू शकते आणि पुढच्या बाराला बंदूक हातात फुटू शकते. म्हणून ते एका घरात नुसतं पातळी बघायचं काम ठेवतात. पुंगळीत एक काडी उतरते, दारू कमी-जास्त असेल तर घंटी वाजते. इथे फार तर वैधमापनवाले येतील. तरी त्याच्या बोलण्यावरून उपाय उचलला. तिसरं घर, जे पहिल्या दिवसापासून बिनकामाचं होतं, त्याच्या मागे एक बल्ब आणि काचेवर दोन रेघा. मसाल्याची पातळी दोन रेघांच्या मधे दिसली पाहिजे. घंटीच्या जागी आक्का.

नळी ३२ मिलिमीटरची होती, ५० ची केली, आत एकही पायरी ठेवली नाही. तिरफळ आता वेगळं दळून दोनदा चाळतात.

२१ मे

काल रात्रीपासून पाऊस. मे महिन्यात असा, थांबायचं नावच नाही. शेडच्या भिंती घाम आल्यासारख्या. चार चकत्यांवर सरासरी ९७.९. मसाला बोटांत दाबला तर लाडू होतो आणि तसाच राहतो. ओल धरलेले कण एकमेकांना सोडत नाहीत, कपात नीट बसत नाहीत, पोकळ्या राहतात, म्हणून वजन उतरतं. पाच चकत्या वाढवून सरासरी १०१ वर आणली, पण तफावत ९६ ते १०६. चकत्यांनी सरासरी हलते, तफावत हलत नाही. हे मी बारा एप्रिललाच लिहून ठेवलं असतं तर काही संध्याकाळी वाचल्या असत्या.

पुन्हा भाजून कोरडा करू का, असं वहिनींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

२५ मे

मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं आज हवामान खात्याने जाहीर केलं. मृगाला अजून पंधरा दिवस. सगळ्यांची आगोटीची कामं अर्धवट, अंगणात घातलेली मिरची, सोलं, कोणाचे तांदळाचे पापड, सगळं घरात पसरलंय. गटाचा नऊ किलो मसाला उरलाय.

यंत्र बंद ठेवायचं ठरलं. नऊ किलोच्या नव्वद बरण्या चौघी चमच्याने एका सकाळीत भरतील. मला थोडं लागलं, कबूल करतो. आक्का म्हणाल्या, "हातान भरलेला काय वायट नसता रे." आणि बसल्या काट्यापाशी.

९ जून

यंत्र सुटं करून धुतलं, पुसलं, खोबरेल लावून गोणपाटात बांधलं. पावसाळ्यात चालवायचं झालं तर बंद खोली आणि ओल शोषणारं यंत्र लागेल, त्याची किंमत गटाच्या वर्षाच्या नफ्याच्या अंगावर येते. तूर्त नाही. पुढच्या मार्चला पहिल्या घाण्याबरोबर चकत्या पुन्हा मोजायच्या, काट्याला शिक्का मारून घ्यायचा, रबराची चकती बदलायची.

आवरताना चकत्या मोजल्या. बारा केल्या होत्या, अकराच निघाल्या. वहिनींचा चेहरा उतरला. मसाल्यात गेली असेल तर? चुंबक फिरवून उपयोग नाही, चकत्या ३०४ स्टीलच्या, त्याला चुंबक धरत नाही. दोघींनी उरलेल्या नव्वदच्या नव्वद बरण्या परातीत ओतल्या, चाळल्या, पुन्हा भरल्या. संध्याकाळ गेली. चकती माझ्या पान्यांच्या डब्यात होती, झाकणाच्या आतल्या बाजूला ग्रीसने चिकटलेली.

बाराही चकत्यांच्या कडेला कान जोडून त्यांना भोक पाडलं, सुतळीत ओवल्या. माळ आता शेडमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला.